समृद्धी महामार्ग: रस्ता अव्वल, रस्त्याकडेचं काय?

नागपूरजवळच्या शिवमडक्यापासून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत ७०१ किलोमीटर. जाण्याच्या तीन लेन, येण्याच्या तीन लेन. एकही सिग्नल नाही, एकही चौक नाही, मध्येच आडवं येणारं गाव नाही. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा. सोळा तासांचा प्रवास आठ तासांवर आला. या वेगाचं कौतुक भरपूर झालं आहे आणि ते रास्तच आहे. इथे पारख करायची आहे ती ज्या गोष्टींकडे गाडी पळवताना कुणाचं लक्ष जात नाही त्यांची: पट्टे, खिळे, फलक, कठडे, साइडपट्टी, मदतीची व्यवस्था.

साध्या महामार्गावर चालकाला रस्ताच जागं ठेवतो. खड्डा येतो, ट्रॅक्टर येतो, गावाची वेस येते, चहाची टपरी दिसते, गतिरोधक येतो. समृद्धीने हे सगळं काढून टाकलं. काढलं ते योग्यच, समोरासमोरच्या धडका त्यामुळेच जवळपास संपल्या. पण चालकाचं लक्ष धरून ठेवणारंही सगळं त्याबरोबर गेलं. आता चालकाशी बोलायला उरतात फक्त पट्टे, फलक आणि कठडे. त्यांचं बोलणं जिथे नीट ऐकू येतं तिथे हा देशातल्या उत्तम रस्त्यांपैकी एक आहे. जिथे ते मुके होतात तिथे सरळ, रिकामा, गुळगुळीत काँक्रीटचा पट्टा हाच सगळ्यात मोठा धोका ठरतो.

वेगाचा हिशेब

आठ आसनांपर्यंतच्या गाडीला सपाटीवर १२० आणि घाटात १००. नऊ किंवा जास्त आसनांच्या गाडीला सपाटीवर १००, घाटात ८०. मालवाहू वाहनांना ८०. दुचाकी, तीनचाकी आणि ट्रॅक्टरला प्रवेशच नाही.

१२० ही मर्यादा आहे, तो गाठायचा आकडा नाही. १२० च्या वेगाने गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते. समोर काही दिसलं, मेंदूला कळलं, पाय ब्रेकवर गेला, यात रस्त्याचे अभियंते अडीच सेकंद धरतात. तेवढ्यात ८३ मीटर गेलेले असतात आणि ब्रेक अजून लागलेलाच नसतो. नंतर थांबायला आणखी दीडशे मीटरच्या वर. एकूण सुमारे २५० मीटर. १०० च्या वेगाला हाच आकडा १८० च्या आसपास येतो. म्हणजे वेग वीसने कमी केला की थांबण्याचं अंतर सत्तर मीटरनी कमी होतं.

रात्रीचा हिशेब याहून कठीण आहे. डिपर दिव्याचा उपयोगी उजेड साधारण ५० ते ६० मीटरपर्यंत पोचतो. ते अंतर १२० च्या वेगाने दोन सेकंदांच्या आत संपतं. दिवे बंद असलेला ट्रक किंवा रस्त्यात बसलेलं जनावर डिपरच्या उजेडात दिसलं, तर ब्रेक लागायच्या आधीच धडक झालेली असते. म्हणून समोर वाहन नसताना अपर वापरायचा, समोरून दिवे दिसले की डिपर, आणि डिपरवर असताना वेग खाली. पथदिवे इंटरचेंज (महामार्गावर चढा-उतरायच्या जागा) आणि टोलनाक्यांच्या आसपासच आहेत, मधला रस्ता काळोखाचा आहे.

पूर्ण ७०१ किलोमीटर १२० ने तोडले तर ५ तास ५० मिनिटं, १०० ने तोडले तर ७ तास. सव्वा तासाचाही फरक नाही. आणि थांबणं दोघांनाही चुकत नाही, १२० वाल्यालाही डिझेल भरायला थांबावंच लागतं. ज्याला घाई आहे त्याने हा हिशेब निघण्याआधी घरी कागदावर मांडून बघावा.

टायर: रस्त्याचं नाही, पण रस्त्याने उघडं पाडलेलं दुखणं

रस्ता सुरू झाल्यावर काही महिन्यांतच परिवहन विभागाला प्रवेशद्वारांवर टायर तपासायला माणसं उभी करावी लागली. त्यामागचं कारण लोकांना नीट सांगितलं जात नाही. काँक्रीट तापतं हे खरं आहे, पण टायर फुटतो तो मुख्यतः हवा कमी असल्याने. हवा कमी असली की टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते आणि सुटते. या दबण्या-सुटण्यातून उष्णता तयार होते. गावातल्या ५० च्या वेगाला ती बाहेर पडायला वेळ मिळतो. १२० ने सलग तासभर धावताना, वरून विदर्भातला मे महिना, गाडीत सात माणसं आणि टपावर सामान असताना ती साठत जाते. थर सुटतात आणि टायर फाटतो.

करायचं ते इतकंच. हवा गाडी थंड असताना तपासायची, म्हणजे पंप घराजवळ असेल तेव्हा, दोनशे किलोमीटर पळून आल्यावर नाही. गरम टायरमध्ये दाब जास्त दिसतो, म्हणून लोक हवा काढतात. ही सगळ्यात वाईट चूक. आकडा चालकाच्या दारालगतच्या स्टिकरवर असतो आणि पूर्ण भाराचा आकडा वेगळा असतो, तो वाचायचा. टायरच्या बाजूला चार अंक एका चौकटीत असतात. २३१९ म्हणजे टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षीच्या खाचेत छोटे उंचवटे असतात, टायर त्यांच्या पातळीला आला म्हणजे खोली १.६ मिलीमीटर उरली आणि टायर संपला. पावसात तर त्याच्या बऱ्याच आधी बदलावा, कारण खाच उथळ झाली की पाणी बाहेर फेकलं जात नाही, टायर पाण्याच्या थरावर तरंगतो आणि स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं होतं. तसं झालं तर ब्रेक दाबायचा नाही, स्टिअरिंग सरळ धरून फक्त अॅक्सिलरेटर सोडायचा.

स्टेपनीची हवा कुणीच तपासत नाही, तीही बघावी.

पट्टे आणि चमकणारे खिळे

रात्री या रस्त्यावर खरं मार्गदर्शन करतात ते रस्त्यात बसवलेले परावर्तक खिळे, ज्यांना सगळे कॅट आय म्हणतात. त्यांच्या रंगांना अर्थ आहे आणि तो फार कमी चालकांना माहीत असतो. लेनच्या मधल्या तुटक रेषेवर पांढरे. डाव्या कडेला, साइडपट्टीच्या बाजूला लाल. उजवीकडे दुभाजकाच्या कडेला पिवळे. बाहेर पडायचा किंवा आत यायचा रॅम्प जिथे फुटतो तिथे हिरवे. म्हणजे धुक्यात, धो धो पावसात पट्टा दिसेनासा झाला तरी डावीकडे लाल, उजवीकडे पिवळा आणि मध्ये पांढरा दिसतोय तोवर गाडी आपल्या जागी आहे. डाव्या हाताला पिवळे दिसू लागले तर आपण चुकीच्या दिशेने चाललो आहोत, ताबडतोब सावध व्हायचं.

पट्ट्याचा रंग हा नुसता रंग नसतो. गरम करून ओतलेल्या थर्मोप्लास्टिकचा अडीच मिलीमीटरचा थर असतो आणि तो ओला असतानाच त्यावर काचेचे बारीक मणी फवारतात, चौरस मीटरला २५० ग्रॅम या प्रमाणात. हेडलाइटचा उजेड मण्यात शिरतो, मागे रंगावर आदळून चालकाकडे परत येतो. मणी अर्धा रुतलेला आणि अर्धा वर असावा लागतो. थर फार गरम असताना फवारला तर मणी बुडतो, थंड झाल्यावर फवारला तर चिकटत नाही आणि पहिल्या पावसाळ्यात निघून जातो. दिवसा झकास दिसणारा पट्टा रात्री गायब होतो तो यामुळे. पट्टा नवा आहे की जुना हे म्हणूनच दिवसा ठरवू नये, रात्री डिपरवर बघावं.

इथे समृद्धीची एक जन्मजात अडचण आहे. काँक्रीट फिकट करडं, पट्टा पांढरा. भर दुपारी उन्हात दोन्ही एकमेकांत मिसळतात. डांबरावर हा प्रश्न येत नाही. यावर जगभर वापरला जाणारा साधा उपाय म्हणजे पांढऱ्या पट्ट्याला लागून काळी किनार किंवा दोन पांढऱ्या तुकड्यांच्या मध्ये काळा तुकडा. खर्च फार नाही. इतक्या मोठ्या रस्त्यावर तो सरसकट हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता आवाजाबद्दल. काँक्रीटच्या रस्त्याला साधारण साडेचार मीटरवर आडवा सांधा असतो, कारण काँक्रीट तापून-थंडावून आकसतं आणि सांधा दिला नाही तर ते मन मानेल तिथे तडकतं. १२० च्या वेगाला सेकंदाला सात सांधे चाकाखालून जातात. एकसारखी टकटक. समोर सरळ रेषा, कानात एकसारखा ठेका, पाय एकाच जागी, एसीची थंड हवा. डोळे उघडे असतात पण मेंदू बघणं थांबवतो. यालाच महामार्ग संमोहन म्हणतात आणि दुपारी दोन ते चार व पहाटे तीन ते पाच ही त्याची वेळ. ठरावीक ठिकाणी टाकलेल्या आडव्या खडबडीत पट्ट्या हा त्यावरचा उतारा आहे, पण त्यातही एक मेख आहे. सारख्या अंतरावर सारख्याच पट्ट्या आल्या की मेंदू त्यांनाही सरावतो. अंतर बदलतं हवं. याहून उपयोगी पट्टी म्हणजे डाव्या कडेच्या रेषेबाहेर साइडपट्टीवर लांबीच्या दिशेने कोरलेली. ती नीट चालणाऱ्याला त्रास देत नाही, फक्त झोपेत कडेला सरकणाऱ्याला हादरवते.

मागचे दोन-तीन किलोमीटर कसे गेले ते आठवत नसेल, किंवा आत्ताच गेलेला फलक काय होता ते सांगता येत नसेल, तर पुढच्या इंटरचेंजला उतरायचं. काच खाली करणं, गाणी मोठ्याने लावणं याने दहा मिनिटं निभतात. वीस मिनिटांची झोप हाच उपाय. शेजारच्या सीटवरच्या माणसाने झोपू नये, हा जुना नियम इथे दुप्पट लागू आहे.

कठडा जवळून बघितला तर

रस्त्याकडेच्या कठड्यांचे तीन प्रकार असतात. तारेच्या दोरांचा लवचीक कठडा, जो मुंबई–पुणे द्रुतगती मार्गाच्या दुभाजकात बसवलेला आहे. लाटेसारख्या पत्र्याचा अर्धलवचीक, ज्याला सगळे क्रॅश बॅरियर म्हणतात. आणि काँक्रीटची कडक भिंत. दोर गाडीला हळुवार धरतो पण धडकेत बराच सरकतो, म्हणून मागे मोकळी जागा लागते. भिंत अजिबात सरकत नाही, म्हणून पुलावर ती योग्य. तिचा पायथा तिरका असतो तो उगाच नाही. चाक त्या उतारावर चढतं, वेग खातं आणि गाडी पुन्हा लेनच्या दिशेने वळते.

पत्र्याच्या कठड्याचं सगळं शहाणपण त्याच्या जोडात आहे. पत्रा तीन मिलीमीटर जाड, खांब साधारण दोन मीटरवर. दोन पत्रे जिथे जोडतात तिथे एकावर एक येतात आणि आठ बोल्टांनी आवळले जातात. कुठला पत्रा वर हवा? ज्या दिशेने गाड्या येतात त्या बाजूचा पत्रा रस्त्याकडून वर आणि पुढचा त्याच्या आड. म्हणजे घासत येणाऱ्या गाडीला पत्र्याची धार भेटत नाही, ती जोडावरून सरकून जाते. उलटा लावला तर तीच धार दार फाडत आत येते. पत्रा आणि खांब यांच्यामध्ये एक ठोकळा असतो. तो नसला तर चाक थेट खांबात अडकतं आणि गाडी गर्रकन फिरते. पेट्रोल पंपावर थांबलात की दोन मिनिटं जवळच्या कठड्याकडे बघा: जोड कुठल्या दिशेने आहे, आठही बोल्ट आहेत का, ठोकळा आहे का. भंगारासाठी नट-बोल्ट काढून नेण्याचे प्रकार होतात आणि बाहेरून कठडा तसाच दिसत राहतो.

कठड्याची सुरुवात हा दुसरा नाजूक भाग. सुरुवातीचं टोक रस्त्याकडे तोंड करून उघडं ठेवलं तर ते भाल्यासारखं गाडीत घुसतं. जमिनीत गाडलेलं टोक त्यापेक्षा बरं, पण वेगातली गाडी त्यावर उतार समजून चढू शकते. रस्त्यापासून हळूहळू बाहेर वळवत नेलेलं टोक किंवा धडकेत दबत जाणारं टोक हेच १२० च्या रस्त्याला शोभतं. रॅम्प फुटतो तिथल्या बेचक्यातही तेच. लक्ष न देणारा चालक नेमका त्याच जागी आदळतो, म्हणून तिथे धक्का शोषणारी उशी लागते.

काळ्या-पिवळ्या तिरक्या पट्ट्यांचे फलकही अडथळ्यांच्या टोकाला असतात. त्या पट्ट्या ज्या बाजूला खाली उतरतात त्या बाजूने जायचं, हे ड्रायव्हिंग स्कूलमध्ये कुणी शिकवत नाही.

मोठ्या बसला किंवा भरलेल्या ट्रकला पत्र्याचा साधा कठडा पुरत नाही, तो मुख्यतः कारसाठी आहे. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ खासगी बस आधी खांबाला, मग दुभाजकाला धडकून उलटली आणि पेटली. २५ जणांचा जीव गेला. बस दाराच्या बाजूवर पडली होती, त्यामुळे दारच बंद झालं. रस्त्याकडेच्या रचनेचा नियम सांगतो की वेगवान रस्त्याच्या कडेला ठरावीक रुंदीत कडक वस्तू नसावी. काढता येत नसेल तर धडकेत तुटणारी करावी, तेही जमत नसेल तर कठड्यामागे ठेवावी. आणि कठड्यामागे म्हणजे त्याला चिकटून नाही, धडकेत पत्रा मीटरभर मागे सरकतो तेवढी जागा सोडून. बसने जाणाऱ्यांसाठी एवढंच: बसल्याबरोबर आपत्कालीन खिडकी आणि तिचा हातोडा कुठे आहे ते बघून ठेवा. स्लीपर बसमध्ये तर नक्कीच.

साइडपट्टीवर थांबलेली गाडी

या रस्त्यावरची सगळ्यात धोकादायक वस्तू म्हणजे कडेला उभा ट्रक. १५ ऑक्टोबर २०२३ रोजी वैजापूरजवळ अशाच थांबलेल्या ट्रकवर मागून टेम्पो ट्रॅव्हलर आदळला आणि १२ जण गेले. साइडपट्टी ही पक्की, रुंद आणि सुरक्षित वाटते. जेवायला, झोपायला, फोनवर बोलायला, फोटो काढायला लोक तिथे थांबतात. पेंगणारा चालक समोरच्या दिव्यांच्या मागे मागे जातो, हा माणसाच्या डोळ्याचा स्वभाव आहे. थांबलेल्या ट्रकचे दिवे त्याला चालत्या ट्रकचे वाटतात आणि तो त्यांच्यामागे लेन सोडून कडेला येतो.

याला मुळाशी कारण आहे ते थांब्यांचं. रस्ता आधी आला, खाणं, शौचालय, पंप, ट्रकची वाहनतळं मागून. ट्रक चालकाला थांबायला अधिकृत जागा जवळ नसेल तर तो साइडपट्टीवर थांबणारच, दंडाने हे सुटत नाही. ही या संपूर्ण सेवेतली सगळ्यात मोठी उणीव मी मानतो. कारला किलोमीटरला २ रुपये ६ पैसे हा एप्रिल २०२५ पासूनचा दर आहे, पूर्ण अंतराला १,४४४ रुपयांच्या आसपास. त्या पैशात स्वच्छ शौचालय आणि ट्रकला पाठ टेकायला जागा, हे मागणं जास्त नाही. तोवर चारचाकीवाल्यांनी टाकी अर्ध्यावर आली की पंप शोधायला लागावं. पाणी, थोडं खाणं आणि लहान मुलांची गरज निघतानाच बघावी.

गाडी खरंच बंद पडली तर काय करायचं, ते क्रमाने. इंजिन गडबडतंय हे कळताच इंडिकेटर देऊन डावीकडे, साइडपट्टीच्या अगदी टोकाला. चारही इंडिकेटर चालू, रात्री पार्किंग दिवेही. सगळ्यांनी डाव्या दारांनी उतरायचं, उजवं दार उघडायचं नाही. कठडा ओलांडून पलीकडे जायचं आणि गाडीच्या पुढे नाही, मागच्या बाजूला, म्हणजे वाहनं येतात त्या दिशेला थोडं दूर उभं राहायचं. मागून धडक बसली तर गाडी पुढे ढकलली जाते आणि पुढे उभे असलेले सापडतात. लाल त्रिकोण निदान शंभर मीटर मागे ठेवायचा, ठेवायला जाताना कठड्याच्या पलीकडून चालत जायचं आणि त्रिकोण हातात उघडून धरायचा. टायर बदलायचा असेल आणि पंक्चर उजव्या चाकाला असेल तर स्वतः हात घालू नये, मदत बोलवावी.

मदतीसाठी समृद्धीचा टोल फ्री क्रमांक १८०० २३३ २२३३, नाहीतर ११२ आणि १०८. फोनवर "शिर्डीच्या पुढे कुठेतरी" असं सांगून उपयोग नाही. रस्त्याकडेच्या फलकावरचा किलोमीटर क्रमांक सांगायचा, ज्याला इथे सगळे चॅनल नंबर म्हणतात. तो नागपूरहून शून्याने सुरू होतो आणि मुंबईकडे वाढत जातो. सोबत कॉरिडॉर सांगायचा, मुंबईकडे जाणारा की नागपूरकडे जाणारा. हे दुसरं चुकलं तर रुग्णवाहिका दुभाजकापलीकडून तुम्हाला बघत पुढे जाते आणि तिला पुढच्या इंटरचेंजवरून वळून यावं लागतं. दर वीस मिनिटांनी शेजारच्याने एक चॅनल नंबर मनात ठेवावा, झोप उडवायलाही ते बरं.

आपला इंटरचेंज चुकला तर? मुंबईकडे जाताना वाशीम जिल्ह्यातल्या शेलूबाजारला उतरायचं होतं आणि पुढे गेलात, तर त्याच जिल्ह्यातल्या मालेगावपर्यंत जा आणि तिथून परत या. टोल अंतरावर आहे, काही रुपये जास्त जातील. रिव्हर्स घेणं, साइडपट्टीवरून उलटं येणं, हे कितीही थोडं अंतर वाटलं तरी करायचं नाही. मागून येणाऱ्याला रिव्हर्स येणारी गाडी पुढेच चालली आहे असं वाटतं, आणि कळेपर्यंत अडीचशे मीटर संपलेले असतात.

लेन, जनावरं आणि दुरुस्ती

डावी लेन जड वाहनांची, मधली कारची, उजवी फक्त पुढे जाण्यासाठी. उजव्या लेनमध्ये ८० ने चाललेला एक ट्रक पूर्ण रस्त्याची शिस्त मोडतो, कारण मग गाड्या डावीकडून घुसतात. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर जुलै २०२४ पासून कॅमेऱ्यांच्या कमानी लावून लेन, सीटबेल्ट आणि वेग तिन्ही तपासले जातात. तिथला सरासरी वेगाचा प्रकार मला सगळ्यात पटतो. दोन कमानींत १० किलोमीटर अंतर आणि मर्यादा १००, तर सहा मिनिटांच्या आत पोचलात की चलन. कॅमेरा दिसला की ब्रेक दाबायचा आणि पुढे पुन्हा पळवायची, ही जुनी युक्ती इथे चालत नाही. समृद्धीवर टोल बंदिस्त असल्याने आत शिरल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ फास्टॅगवर आपोआप नोंदली जाते. पण तेवढ्यावर विसंबून भागणार नाही, कारण मध्ये अर्धा तास जेवायला थांबलेल्याची सरासरी खाली येते आणि त्याची १५० ची धाव झाकली जाते. कमानी जवळजवळ हव्यात.

वन्यप्राण्यांसाठी रस्त्यावरून आणि रस्त्याखालून केलेले मार्ग हे या रस्त्याचं मनापासून कौतुक करावं असं काम. कारंजा-सोहोळच्या काळविटांपासून तानसाच्या जंगलापर्यंत रस्ता अनेक अधिवासांतून जातो. तरीही रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर रस्त्यावर येतात, गुरंही येतात. कडेची भिंत किंवा कुंपण जिथे नाल्यापाशी उघडं राहतं, किंवा शेतात जायला कुणी तोडतं, तिथून ती आत शिरतात, आणि आत आलेल्या जनावराला बाहेर जायला दुसरी वाट सापडत नाही. रोही अडीचशे किलोचा असू शकतो आणि पाय लांब असल्याने कारच्या धडकेत तो बॉनेटवरून थेट काचेवर येतो. एक दिसला की मागे आणखी असतात असं धरूनच वेग सोडायचा. जोरात स्टिअरिंग वळवायचं नाही, गाडी उलटते ती त्यानेच.

दुरुस्तीच्या कामाची पद्धत मात्र अजून सुधारायला हवी. नियमाप्रमाणे कामाच्या जागेचे टप्पे असतात: आधी पूर्वसूचनेचे फलक, मग शंकूंची तिरकी रांग जी लेन हळूहळू बंद करते, मग रिकामी ठेवलेली सुरक्षित जागा, मग काम, आणि शेवटी रस्ता पुन्हा मोकळा. १२० च्या रस्त्यावर पहिला फलक किलोमीटरभर आधी हवा आणि शंकूंची रांग लांबलचक. आखूड रांग म्हणजे भिंतच. सप्टेंबर २०२५ मध्ये छत्रपती संभाजीनगर भागात पुलावरच्या बारीक भेगा भरण्यासाठी बसवलेल्या अॅल्युमिनियमच्या नळ्या रात्री गाड्यांच्या चाकांत घुसल्या आणि "रस्त्यावर खिळे ठोकले" असा गवगवा झाला. भेगेत नळी बसवून तिच्यातून दाबाने इपॉक्सी (घट्ट होणारं चिकट रसायन) भरणं ही पद्धत योग्यच आहे, भेग वेळीच भरली नाही तर पाणी आत जाऊन सळई गंजते. चूक पद्धतीची नव्हती. ती लेन पूर्ण बंद करून रांग लावायला हवी होती.

इगतपुरीचा बोगदा आणि शेवटचा तुकडा

इगतपुरीजवळचा सुमारे ७.८ किलोमीटरचा जोडबोगदा हा या रस्त्याचा कळस आहे. कसाऱ्याचा घाट त्याने काही मिनिटांवर आणला. आत शिरण्याआधी गॉगल काढा, दिवे डिपरवर लावा, लेन बदलू नका, पुढच्या गाडीशी बाहेरपेक्षा जास्त अंतर ठेवा. उन्हातून आत येताना डोळ्याला अंधाराशी जुळवून घ्यायला काही सेकंद लागतात, म्हणून तोंडाशी दिवे जास्त प्रखर असतात. धूर दिसला तर गाडी कडेला, इंजिन बंद, चावी गाडीतच आणि शेजारच्या बोगद्यात नेणाऱ्या आडव्या मार्गाने बाहेर. यू-टर्न घ्यायचा नाही. पावसाळ्यात बाहेर पडताना एकदम वारा आणि पाऊस अंगावर येतो, दोन्ही हात स्टिअरिंगवर हवेत.

आमणेला रस्ता संपतो तिथे एक वेगळीच गंमत शरीर करतं, आणि ती जिवावर बेतू शकते. सहा तास १०० ते १२० ने चालवल्यावर ७० चा वेग रांगल्यासारखा वाटतो. रॅम्पच्या वळणावर ४० लिहिलेलं असतं आणि पायाला वाटतं आपण हळूच आहोत. पुढे मुंबई–नाशिक महामार्गावर रिक्षा, दुचाक्या, रस्ता ओलांडणारी माणसं, भिवंडीच्या गोदामांचे ट्रक. म्हणून रॅम्पला लागण्याआधी अंदाजावर न जाता काट्याकडे बघून वेग ४० वर आणायचा आणि पुढची पंधरा मिनिटं काटाच बघत चालवायचं.